ओगलेबाईंचा ढग

मी हे लिहितेय असं ओगलेबाईंना कळलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, "कोणी सांगितलं लिहायला?" मला आपणहून लिहावंसं वाटलं, हे उत्तर त्यांना पटलं नसतं. आपणहून कोणी काही करतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्या जाऊन आता वर्ष होत आलं. परवा ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरचे पार्ट्स बघायला मी कसबा पेठेत गेले होते. दुकानदाराने प्रोसेसरवर बसणाऱ्या पंख्याचा खोका उघडला आणि मी पटकन म्हणून गेले, थांबा, आधी खालची बाजू बघू द्या. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसे काही मी त्याच्या बायकोचे दागिने पारखायला मागितले. ती नजर माझ्या ओळखीची आहे. ओगलेबाईंबरोबर हिंडताना मी असल्या नजरा ढिगाने झेलल्यात.

कर्वेनगरात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. आमचं म्हणजे सरांचं. मी तिथे ज्युनियर, अकोल्याहून आलेली, दोघींत एक खोली घेऊन राहणारी. ओगलेबाई ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणाऱ्या. बाई असून 'मॅन' कशा, असं एकदा एका क्लायंटने हसत विचारलं, तर म्हणाल्या, "काम बघा, शेपूट कशाला बघताय?" पन्नाशी ओलांडलेली, एकटी, किडकिडीत बाई. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत एक मेजरिंग टेप, एक भिंग आणि एक ताणकाटा. हो, ताणकाटाच. हुकाला पिशवी अडकवली की काटा खाली सरकतो, तो.

मंडईत हा काटा सगळ्यांना माहीत होता. एकदा मी बरोबर होते. भाजीवाल्याने किलोभर टोमॅटो मोजून दिले. बाईंनी लगेच पिशवी काट्याला लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. माल कमी नव्हता, जास्त भरत होता. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने घरी गेला असता. बाईंनी तिथेच, त्याच्या टोपलीशेजारी, सगळे टोमॅटो ओतून एकेक उलटासुलटा केला, कारण जास्त दिलंय म्हणजे खालचे सडके असणार. एकही सडका निघाला नाही. तेव्हा तर त्यांचा संशय आणखीच वाढला. दोन टोमॅटो परत त्याच्या टोपलीत ठेवून त्या निघाल्या, आणि थेट रिक्षास्टँडपर्यंत म्हणत होत्या, काहीतरी आहे, काहीतरी आहे.

माझ्यावरही त्यांचा डोळा होताच. पहिल्या आठवड्यात विचारलं, अकोल्यात घर स्टेशनच्या कुठल्या बाजूला? मी सांगितलं. पंधरा दिवसांनी, मी डबा खात असताना, सहज विचारल्यासारखं, "तुमच्याकडून स्टेशनला जाताना ऊन डोळ्यांवर येतं की पाठीवर?" मला हसू आलं आणि रागही आला. पण उत्तर जुळलं असणार, कारण त्यानंतर त्या मला मृणाल म्हणायला लागल्या. त्याआधी मी 'ती अकोल्याची' होते.

ऑफिसात त्यांच्या दोन सवयी होत्या. पहिली अशी, की तोंडी सांगितलेलं काही त्या हवेत राहू देत नसत. सर चालता चालता म्हणाले, जिना जरा रुंद करा, की बाई नकाशाच्या कडेला टिपून ठेवणार: 'जिना रुंद. सर, तोंडी, मंगळवार.' सरांना हे अजिबात आवडायचं नाही. दुसरी सवय ढगाची. आमच्या धंद्यात नकाशात काही बदललं, की त्या जागेभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढायची आणि शेजारी सही, तारीख घालायची, असा नियम आहे. म्हणजे साइटवरच्या माणसाला कळतं, इथे आधी वेगळं होतं. पण चूक आपलीच असली तर कोण ढग काढतं? सगळे गुपचूप पुसून नवीन काढतात. मीही तेच करायची. बाई मात्र स्वतःच्या चुकीलाही ढग काढायच्या, आणि तोही चांगला ठळक. मी एकदा चिडवलं, की एवढी जाहिरात कशाला? त्या म्हणाल्या, "पुसलेली चूक परत येते. ढग काढलेली तिथेच बसते."

त्यांची नोकरी गेली ती मात्र सूर्यामुळे. सरांनी एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी बाहेरून रंगीत चित्रं करून आणली होती. इमारत उभी राहण्याआधीच ती फोटोसारखी दिसते, तसली चित्रं. सोसायटीची मंडळी जमली होती, चहा फिरत होता. पडद्यावर एका दिवाणखान्यात सकाळचं कोवळं ऊन सोफ्यावर पसरलेलं. सगळे खूश. मागे उभ्या असलेल्या ओगलेबाईंनी हातातला नकाशा फिरवून पाहिला, खोली उत्तरेची होती, आणि अगदी शांतपणे विचारलं, "सर, हा सूर्य कुठल्या गावचा?"

एक आजोबा हसले, मग सगळी सोसायटीच हसली. सर सोडून. ते काम आम्हाला मिळालं नाही.

पंधरा दिवसांत सरांनी सांगितलं, की आता नुसत्या साध्या नकाशांसाठी माणूस परवडत नाही. बाईंनी रंगीत चित्रं करायला शिकावं, घरी स्वतःचा कॉम्प्युटर घ्यावा, आणि महिन्याभरात कर्वेनगरच्याच एका इमारतीची तीन चित्रं नमुना म्हणून द्यावीत. चांगली झाली तर ऑफिसचं हे सगळं काम घरून त्यांना. बोलायला किती सोपं. पण बाईंनी ते शब्दशः घेतलं. त्या शिकायला लागल्या, माझ्याकडून, दुपारच्या सुट्टीत, वही घेऊन.

आता मला जे लिहायचंय ते लिहून टाकते. सरांच्या टेबलावर मी एका एजन्सीचं पत्र पाहिलं होतं. वर्षभराच्या सगळ्या चित्रांचं काम त्यांना देऊन झालं होतं, सह्यांसकट. मी पाहिलं हे सरांनी पाहिलं, आणि म्हणाले, ओगल्यांना आत्ताच काही बोलू नकोस, त्या स्वतःहून थकून थांबतील. मला त्याच महिन्यात पगारवाढ मिळायची होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "मृणाल, मी एफडी मोडतेय. काम नक्की आहे ना? तुला काही वेगळं कानावर आलंय का?" मी म्हटलं, "नाही हो बाई. नक्की आहे." साऱ्या जगाचे टोमॅटो उलटे करून बघणाऱ्या बाईने माझं उत्तर तेवढं जसंच्या तसं उचललं. मला लाज वाटली, पण मी तोंड उघडलं नाही.

मग पार्ट्सची निवड सुरू झाली. ती वर्षभर चालली असती, पण महिनाच हातात होता. बाईंनी ट्रेसिंग पेपरवर, नकाशासारखी चौकट आखून, यादी केली. प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, कारण एक अक्षर बदललं की माल बदलतो आणि दुकानदार ते अक्षर मुद्दाम गिळतो, असं त्यांचं मत. मला त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मात्र लाखमोलाचा होता. "चित्र काढणार कोण? प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?" मी सांगितलं, आपण वापरतोय त्या प्रोग्राममध्ये मुख्य मेहनत प्रोसेसरची, कार्ड साधं चालेल. मग त्यांनी कार्डाचे पैसे कापून प्रोसेसरला दिले. मेमरी एका मोठ्या पट्टीऐवजी दोन पट्ट्यांत, म्हणजे काम दोन्हीकडून सारखं चालतं. हे मी सांगितलं तर खरं वाटलं नाही. तीन दुकानांत विचारलं, तिघांनी एकच सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, तिघं आधी बोलले नसतील कशावरून?

शेवटी कसब्यातल्या नगरकरांच्या दुकानात सगळं घ्यायचं ठरलं. नगरकर म्हणजे साठीचे, चष्मा नाकाच्या टोकावर, गिऱ्हाईक आलं की वाईट बातमी आल्यासारखा चेहरा. दोघांचं जमणार हे मला पहिल्याच वाक्याला कळलं. नगरकरांनी काचेचं, आत रंगीत दिवे लावलेलं कॅबिनेट दाखवलं. बाई म्हणाल्या, "मला कॉम्प्युटर हवाय, गणपतीची आरास नको." मग पुढच्या काचेवर तळहात ठेवून विचारलं, की हा श्वास कुठून घेणार? नगरकरांनी आतून साधं, पुढे जाळी असलेलं कॅबिनेट आणून ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा आदर दिसला.

मग पिशवीतून ताणकाटा निघाला. वीजपुरवठ्याचे दोन डबे, वर वॅटचा आकडा एकच लिहिलेला, एक स्वस्त, एक महाग. बाईंनी दोन्ही वजन केले. स्वस्त डबा बराच हलका भरला. "आकडा सारखा, मग आतलं तांबं कुठे गेलं?" नगरकर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, वीस वर्षं दुकान चालवतोय. हा प्रश्न काट्यासकट आज पहिल्यांदा आला." त्यांनी जड डबा पुढे सरकवला. मलाही त्या दिवशी बाईंचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

जोडणी दुकानात करून घ्यायला बाई तयार नव्हत्या. आत गेलेला पार्ट तोच बाहेर येईल कशावरून? नगरकरही कमी नव्हते. त्यांनी बिलावर लिहून घेतलं, 'खोके ग्राहकाने स्वतः नेले व उघडले', आणि खाली बाईंची सही घेतली. रिक्षात सगळे खोके मांडीवर घेऊन आम्ही कर्वेनगरला बाईंच्या घरी आलो. जोडणी मी करायची होती, दुसऱ्या दिवशी, व्हिडिओ बघून. यादीच्या कडेला बाईंनी लिहिलं, 'जोडणी: मृणाल.'

मी जोडला. सुरू झाला. बाईंनी पेढा दिला, एकच. प्रोग्राम चालायला लागला, नकाशे उघडायला लागले. पण चित्र करायला लावलं, की पंधरा मिनिटांत पंखा केकाटायचा आणि खटकन सगळं बंद. पुन्हा लावायचं, पुन्हा बंद. नमुना द्यायला आठ दिवस उरले होते आणि एक चित्र म्हणून पुरं होत नव्हतं. बाईंचा पिठलं-भात टेबलावर गार व्हायचा आणि त्या मिचमिच्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत बसायच्या. पहिला संशय विजेवर, दुसरा नगरकरांवर, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यावर. मी काही वायर मुद्दाम सैल सोडली का, असं त्यांनी विचारलं नाही, पण त्या स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा कॅबिनेटच्या स्क्रूंशेजारी त्यांचं भिंग पडलेलं मला दिसलं. आणि मी कुठल्या तोंडाने चिडणार होते? संशय बरोबर माणसावर होता, फक्त गुन्हा चुकीचा होता.

शनिवारी बाईंनी जाहीर केलं की नगरकर सापडले. त्यांच्याकडे पुरावा होता आणि तो त्यांनी पहिल्या दिवसापासून जपून ठेवला होता. आम्ही कॅबिनेट घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर बाईंनी एक प्लास्टिकची छोटी पिशवी ठेवली. आत कापसाचा बोळा, करडा झालेला. वर चिठ्ठी, सुबक अक्षरात: 'पुरावा क्र. १. पंख्याच्या बुडाला लागलेला मळ.' मग त्या बोलायला लागल्या, सावकाश, एकेक शब्द ठेवत. नवीन म्हणून विकलेला पंखा वापरलेला होता. खोका उघडला तेव्हाच त्याच्या बुडाला कोणाच्या तरी मशीनचा करडा राप होता. त्यांनी तो स्पिरिटने स्वच्छ पुसला, पण कापूस टाकला नाही.

नगरकरांनी पिशवी उचलली. उजेडात धरली. पुन्हा खाली ठेवली.

"बाई," नगरकर म्हणाले, "हीच ती. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये ही पेस्ट लागते. कंपनी लावून पाठवते. ही नसली तर उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही. तुमचं मशीन तापून जीव वाचवायला बंद पडतंय."

मी जमिनीकडे बघत होते. जोडताना बूड लख्ख दिसलं होतं मला, आणि मला वाटलं होतं, नव्या मालाला काही लागत नसेल. व्हिडिओतला तेवढाच भाग मी न बघता पुढे पळवला होता.

बाईंनी विश्वास ठेवला नाही, हे सांगायला नकोच. त्या पिशवी घेऊन समोरच्या दुकानात गेल्या, मग कोपऱ्यावरच्या. दहा मिनिटांनी परत आल्या. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. त्यांनी झोळीतून यादीचा ट्रेसिंग काढला, काउंटरवर पसरला, पंख्याच्या ओळीभोवती लाल पेन्सिलीने ढग काढला आणि शेजारी लिहिलं, 'पेस्ट मी पुसली. दोष दुकानाचा नाही.' खाली सही, तारीख. मग कागद फिरवून नगरकरांपुढे धरला, वाचून घ्या म्हणून. नगरकरांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. पेस्टची एक नळी त्यांनी पुढे केली आणि पैसे नकोत म्हणाले. बाईंनी ताबडतोब विचारलं, "का नकोत?" शेवटी पैसे देऊनच त्या बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी मी पेस्ट लावली, वाटाण्याएवढी, बाई भिंग घेऊन शेजारी उभ्या. पंखा शांत चालला. तीनही चित्रं सोमवारच्या आत झाली. सुंदर झाली. बाईंनी उत्तर दिशा नकाशाप्रमाणे घातली होती, त्यामुळे ऊन जिथे पडायला हवं तिथेच पडलं होतं आणि जिथे पडणार नाही तिथे सावली होती. सरांनी चित्रं उलटीपालटी केली, वा म्हणाले, कळवतो म्हणाले. बाईंनी लगेच टिपलं, 'कळवतो. सर, तोंडी, सोमवार.' त्यांनी कधीच कळवलं नाही. महिनाभराने बाई आपली पट्टी आणि पेन्सिली घेऊन गेल्या. मला पगारवाढ मिळाली.

मी त्यांना फोन केला नाही. दोन-तीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. ऐकू यायचं, की बाईंचं बरं चाललंय. सूर्याच्या प्रश्नावर हसलेले त्या सोसायटीतले आजोबाच आधी त्यांच्याकडे गेले होते, नव्या बिल्डरचं रंगीत पुस्तक घेऊन, यातला सूर्य खरा का, हे विचारायला. बाईंनी त्याच मशीनवर इमारत उभी केली, उत्तर दिशा घातली आणि त्यांना त्यांच्या खोलीतली डिसेंबरची सकाळ दाखवली. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं. कर्वेनगरात निम्म्या सोसायट्या पाडून बांधायच्या होत्या आणि माणसं बिल्डरपेक्षा ओगलेबाईंच्या उन्हावर विश्वास ठेवायला लागली होती. एवढा संशय एका जागी साठवलेला दुसरं कोणाकडे मिळणार?

तीन वर्षांनी मीच एका फ्लॅटचं पुस्तक घेऊन गेले. आयुष्यभराचं कर्ज काढायचं होतं आणि चित्रातली बाल्कनी उन्हाने न्हालेली होती. खाली उभी राहून फोन केला, वर गेले, बेल दाबली. दाराआडून आवाज आला, "कोण?" साखळी निघाली. बाई जरा वाळल्या होत्या. कॉम्प्युटर खिडकीशी होता आणि कॅबिनेटवर त्यांच्या अक्षरात कागद चिकटवलेला: 'पंख्याखालची पेस्ट पुसू नये.'

त्यांनी माझ्या फ्लॅटचं काम घेतलं. नकाशा, समोरच्या इमारतीची उंची, उत्तर. मशीन घुमत राहिलं आणि बाल्कनीचं चित्र हळूहळू उजळायच्या ऐवजी हळूहळू अंधारत गेलं. समोरच्या भिंतीने सगळं ऊन खाल्लं होतं. "घेऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. मी पैसे काढले, त्यांनी घेतले, मोजले. मग उठून कपाटातून तो जुना ट्रेसिंग आणला आणि माझ्यासमोर पसरला.

पंख्याभोवतीचा लाल ढग तसाच होता. पण बाईंचं बोट अगदी वर होतं, पहिल्या ओळीवर, जी मी कधी वाचलीच नव्हती. 'काम नक्की आहे. मृणाल, तोंडी, जिन्यात.'

"एजन्सीच्या माणसाकडूनच कळलं," बाई म्हणाल्या. "तुझ्या सांगण्याआधी आठ दिवस सह्या झाल्या होत्या. तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. पगारवाढ, भाडं, सरांची भीती, सगळं ओठांवर आलं होतं, पण त्यातलं एकही बोलण्यासारखं नव्हतं. रडू आलं. बाईंनी ते बघितलं, खरं आहे का हे तपासल्यासारखं जरा जास्त वेळ बघितलं, आणि लाल पेन्सिल माझ्यापुढे ठेवली.

मी त्या ओळीभोवती ढग काढला. तो जरा वेडावाकडाच आला. शेजारी लिहिलं, 'मला माहीत होतं. मी खोटं बोलले.' सही केली. बाईंनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचला, घडी घातली, आणि चहा टाकला. चहा पिताना आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो. नगरकरांनी आता ताणकाटा घेतलाय, असं त्यांनी सांगितलं.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही, म्हणून निघतानाचं नीट आठवतं. मी एक जिना उतरले होते. वर साखळी लावल्याचा आवाज आला, आणि लगेच काढल्याचा. दार उघडून बाई कठड्यावरून वाकल्या होत्या, एका हातात तो कागद, दुसऱ्यात लाल पेन्सिल.

"मृणाल, वर ये. तारीख घातली नाहीस."